उपाशीपोटी

ते २०१७ साल. कसबा पेठेत वेणूबाईंचं मसाल्याचं छोटं दुकान होतं. त्यांची जीभ त्यांच्याच तिखटाला भारी होती. गिऱ्हाईक मसाल्याला यायचं आणि बोलणी खाऊन जायचं.

त्या वर्षी ती जीभ थंडावली. चेहऱ्यावर सूज आली, आवाज घोगरा झाला, भर वैशाखात अंगात स्वेटर. गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकाने भावावरून घासाघीस केली तरी बाई गप्प राहिल्या, तेव्हा त्यांचे यजमान उत्तरेश्वर पुरते घाबरले.

नारायण पेठेतल्या डॉक्टर पूर्वांनी थायरॉइडचं निदान केलं. "ही गोळी उपाशीपोटी घ्यायची. चुकवायची नाही." पुढच्या तपासणीत फरक दिसेना. त्यांनी गोळी वाढवली. तरी दिसेना, पुन्हा वाढवली.

इकडे वेणूबाईंनी सोमवारच्या जोडीला गुरुवार धरला, मग शनिवारही. आजारपणात देव आठवतोच, असं म्हणत उत्तरेश्वर उपासाची खिचडी मुकाट्याने दोनदा वाढून घेत.

धायरीची लेक रुपाली म्हणाली, "आई, आता रिपोर्ट सुधारला नाही तर दुकानाला कुलूप. माझ्याकडे यायचं."

वेणूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. उत्तरेश्वरांना त्या 'बरं'चीच धास्ती वाटली.

रिपोर्ट सुधारला नाही.

"आणखी वाढवू या," डॉक्टर म्हणाल्या. "चुकवत नाही ना?"

"एकदाही नाही. पण आता वाढवायची तर वार कुठून आणू?"

"वार?"

"उपाशीपोटी घ्या म्हणालात ना? सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला. एकादशी-चतुर्थी आधीपासूनच आहेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि त्या दिवशी गोळी कधी घेता?"

"खिचडी खाऊन. रिकाम्या पोटी औषध बाधतं, एवढं कळतं मला."

उत्तरेश्वर छताचा पंखा न्याहाळू लागले.

दुसऱ्या दिवसापासून पहिलीच, कमी ताकदीची गोळी सुरू झाली. रोज, उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. दिवाळीच्या गर्दीत वेणूबाईंनी एकाला सुनावलं, "घासाघीस करायची तर मंडईत जा. इथे फक्त मसाला मिळतो." उत्तरेश्वर आत जाऊन डोळे पुसून आले.

दुकान अजून चालू आहे. रुपाली धायरीहून मसाला न्यायला येते आणि बोलणी खाऊन जाते. जादाचे वार सुटले, त्यामुळे उत्तरेश्वरांची खिचडी तेवढी आटली. डॉक्टर पूर्वांच्या दवाखान्याच्या दारावर एक पाटी लागली. मजकूर वेणूबाईंचा:

'उपाशीपोटी म्हणजे रोज, काहीही न खाता. खिचडी हे खाणेच आहे. वाद घालू नये.'