ओळंब्यातली भिंत

"हे कार्ड वाकडं छापलंय," थोरला म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड त्याच्याकडून घेतलं, पाहिलं आणि परत त्याच्या हातात दिलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या रेघांच्या चौकटी होत्या, मधोमध एक ठिपका.

"डावा डोळा झाका. नुसतं ठिपक्याकडे बघा. आता?"

"मधल्या रेघा पोटातून फुगल्यात. कडेच्या बऱ्या आहेत."

"आता उजवा झाका."

"तेच. अहो बाई, चाळीस वर्षं गवंडीकाम करतोय मी. सरळ काय नि वाकडं काय, ते मला नका शिकवू."

धाकटा भाऊ मागे दाराशी उभा होता. रस्ता ओलांडताना थोरला दोनदा धडपडला, म्हणून वहिनीने धाकट्याला बोलावून घेतलं होतं. एरवी वर्षभरात दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"आठ वर्षं साखर आहे तुम्हाला," बाई म्हणाल्या. "डोळे कधी दाखवलेत?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? सगळे गवंडी भिंतीला ओळंबा लावून बघतात. मला दोरी नि वजन लागत नाही. माझा डोळा हाच ओळंबा."

मग यंत्रावर हनुवटी टेकून झाली. बाईंनी संगणकावरच्या चित्रावर बोट ठेवलं. "हा डोळ्याच्या आतला पडदा. इथे मधोमध खळगा हवा. तुमच्याकडे उंचवटा आलाय, दोन्ही डोळ्यांत. साखरेनं बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, पाणी साचतं, पडदा सुजतो."

"गिलाव्याखाली ओल धरावी तसं," थोरला म्हणाला. ते मात्र त्याला एका झटक्यात कळलं.

"अगदी तसंच. म्हणून सरळ रेघ फुगलेली दिसते."

"म्हणजे कार्ड सरळ आहे?"

"कार्ड सरळ आहे, काका."

"आणि ही सूज... कधीपासूनची असेल?"

"वर्ष तरी झालं असणार. जास्तच."

थोरल्याने कार्ड पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.

वर्षापूर्वी धाकट्याने एक भिंत उभी केली होती. सात फूट. थोरल्याने लांबूनच पाहिली आणि सगळ्या कामगारांसमोर ओरडला, पोट आलंय भिंतीला! धाकटा म्हणाला, दादा, सरळ आहे, तुलाच तिरकं दिसतंय, ओळंबा तरी लाव. झालं! नाचता येईना अंगण वाकडं, थोरला म्हणाला, हातात दम नाही आणि दोष माझ्या डोळ्याला? त्याने घण मागवला आणि ओळंबा न लावताच भिंत पाडायला लावली. "तुझ्या हातात आता राम उरला नाही," म्हणाला. धाकट्याने ते खरं मानलं. दादाचा डोळा चुकेल कसा? थापी तिथेच ठेवून तो गेला. आता एका शाळेच्या फाटकावर खुर्ची टाकून बसतो. तेव्हापासून त्याने विटेला हात लावलेला नाही.

"अरे," थोरला मागे न वळताच म्हणाला, "तुला कशा दिसतात रे ह्या रेघा?"

धाकट्याने पुढे येऊन कार्ड घेतलं. कार्डाकडे पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे.

"वाकड्याच की, दादा. मलाही वाकड्याच दिसतात."

या माणसाला जन्मात धड खोटं बोलता आलं नाही. कान लालबुंद झाले. पण बाईंना ते काय ठाऊक? त्या गंभीर झाल्या. "मग बसा, तुमचेही बघते." तो नको नको म्हणत होता, तरी त्यांनी त्याला यंत्राशी बसवलंच. दोन्ही डोळे पाहिले, चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"काही नाही हो. लख्ख आहेत तुमचे डोळे. सगळं जागच्या जागी."

थोरला म्हणाला, "सरळ होती ती."

"जाऊ दे ना, दादा. भिंतच ती."

"ओळंब्यात होती रे. आणि मी..." वडील गेले तेव्हा रडला नव्हता हा माणूस. इथे परक्या बाईसमोर तोंडावर कार्ड धरून ढसाढसा रडला.

बाईंनी त्याला पाणी दिलं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, साखर आटोक्यात, असं सगळं धाकट्यालाच समजावलं. "सूज उतरेल," त्या म्हणाल्या. "पण इतके दिवस तशीच राहिली की आतलं थोडं कायमचं जातं. पहिल्यासारखं दिसेल, असा शब्द मी देत नाही."

बाहेर अंगणात दवाखान्याच्या नव्या खोलीचं बांधकाम चाललं होतं. छातीएवढी कोरी विटांची भिंत. थोरला थांबला. धाकट्याचा हात धरून त्याने तो विटांवर ठेवला.

"बघ. ओळंब्यात आहे का सांग."

"चल ना, दादा. वहिनी वाट बघत असेल."

"सांग की रे. तू म्हणशील ते खरं."

धाकटा वाकला. जुन्या सवयीने एक डोळा मिटून त्याने भिंतीच्या कडेवरून नजर लावली. बराच वेळ लावली. त्याचे ओठही हलले.

मग त्याने हात काढून घेतला आणि विटेची लाल धूळ विजारीला पुसली.

"मला नाही रे सांगता येत आता, दादा."