आठही हिरव्या

"आठही हिरव्या?" मावशीने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले. "केतकी, पेशींच्या चारच डब्यांत औषध घातलंस ना? बाकीच्या चारांत नुसतं पाणी?"

केतकीने मुठीतली चिठ्ठी पुन्हा पाहिली. कशात काय आहे हे मावशीला कळू नये म्हणून डब्यांवर आकडे तिनेच घातले होते. दहावीतल्या पोरीवर एवढा विश्वास! "हो गं. चारच."

मावशी मटकन खुर्चीत बसली. पेशीतल्या प्रथिनांची घडी बिघडू नये म्हणून काही प्रथिनं पाठराखिणीसारखी त्यांच्यासोबत असतात. या पाठराखिणींचे जीन जागे करणारं औषध शोधण्यात तिची सहा वर्षं गेली होती. जीन जागे झाले की पेशी हिरव्या चमकायच्या. पण पाण्यानेही चमकल्या, तर औषधाची करामत ती काय? "सोमवारी निधी देणाऱ्या समितीला काय तोंड दाखवू? संपलं सगळं."

केतकीने कोपऱ्यातल्या ओव्हनकडे पाहिलं. सकाळी आकडे घालताना तिने डब्या गरम ओव्हनच्या डोक्यावर मांडल्या होत्या, ऐटीत, गाणं गुणगुणत. आणि चटका बसला की पेशी आपणहून पाठराखिणींना हाका मारतात, हे मावशीनेच शिकवलं होतं. बोललं तर प्रयोगशाळेचं दार कायमचं बंद. न बोललं तर...

"मावशी, मी त्या ओव्हनवर ठेवल्या होत्या. चांगला अर्धा तास."

मावशी उठली. तिने हातमोजे चढवले.

"म्हणजे औषध अजून नापास नाही. नापास तू. चल, नव्या डब्या काढ. आकडे तूच घालायचे. आणि टेबलावर, बाई, टेबलावर!"