कुजायला ठेवलेला देवदार

"मावशी, एवढा ओंडका सोडून दुसरं जळण न्या," वृंदाने विनवलं. हिमाचलातल्या जंगलात वादळाने पाडलेला देवदार तिने अभ्यासासाठी मुद्दाम कुजत ठेवला होता.

"कुजायला किती दिवस?" गावातल्या कौलादेवीने विचारलं.

"दोनशे वर्षं. माझ्यामागे दुसरे बघतील."

कौलादेवीने कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि ती रिकाम्या हाती उतरली.

पुढचे कितीतरी हिवाळे कडक गेले. दर उन्हाळ्यात वृंदा धास्तावून चढायची, पण ओंडका जागेवरच असायचा. यंदा त्याच्यापाशी केस पिकलेली कौलादेवी उकिडवी बसली होती.

"कुणाला हात लावू दिला नाही मी," म्हणत तिने शेवाळातलं बोटभर रोपटं दाखवलं. "हे याचंच पोर, की दुसऱ्या झाडाचं?"

वृंदाला ठाऊक नव्हतं. ती शेजारी गुडघे टेकून बसली.