सुखदाच्या नथीसाठी लेन्स

"हातात घेऊन बघा की, अण्णा," मंजुनाथनं काउंटरवरून लेन्स पुढे केली.

आप्पाजींनी कोटाच्या खिशातले हात बाहेर काढले नाहीत. "मला काय कळतंय त्यातलं? पोराला दे."

लेन्स शार्दूलनं घेतली. राजाजीनगरमधलं हे कॅमेऱ्याचं दुकान आप्पाजींच्या सोनारपेढीपासून हाकेच्या अंतरावर होतं. पेढीला मात्र वर्षभर कुलूप. निपाणीहून या कानडी शहरात येऊन नाव कमावलेला हा सोनार एक दिवस जेवता जेवता म्हणाला, डोळे गेले, मोती म्हणजे नुसता पांढरा धूर दिसतो. चष्मा बदलला, पुन्हा बदलला, फरक शून्य. डॉक्टर म्हणाले, वय झालं. काही सापडलं नाही की डॉक्टर वयावर ढकलतात, तसंच ते घरच्यांना वाटलं.

तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण महिन्यावर सुखदाचं लग्न आलं होतं, आणि या घरात मुलीची नथ बापानंच करायची असा रिवाज. आप्पाजींच्या बहिणींच्या नथी त्यांच्या वडिलांनी केलेल्या. सोनाराची पोर दुसऱ्याच्या हातची नथ घालून बोहल्यावर चढली, तर भावकी तोंडावर विचारणार, बापाला काय धाड भरली होती? सुखदानं तर सांगूनच टाकलं होतं, बिननथीची उभी राहीन, पण बाजारची घालणार नाही. पोरगी बापावर गेलेली.

शार्दूल सॉफ्टवेअरवाला. अमेरिकेतल्या प्रोजेक्टवरून येताना त्यानं डिजिटल कॅमेरा आणला होता. त्याची वायर टीव्हीला जोडली की कॅमेऱ्यासमोर असेल ते टीव्हीवर दिसायचं. मोती नारळाएवढा दिसला, तर आप्पाजी टीव्हीत बघून नथ गुंफतील, अशी त्याची अटकळ. अडचण एवढीच की फार जवळचं त्या कॅमेऱ्याला धड दिसत नव्हतं. म्हणून ही मॅक्रो लेन्स.

मंजुनाथनं दोन दाखवल्या. एक पातळ, स्वस्तातली. तिच्यात कडा फिसकटायच्या, आणि कॅमेरा अगदी वस्तूला टेकवावा लागायचा. दुसरी जाड काचेची, महाग, पण वीतभर अंतरावरूनही लख्ख दाखवणारी.

"हीच," शार्दूल म्हणाला. "मध्ये हात घालायला जागा पाहिजे."

"अरे, एका नथीसाठी एवढं कशाला?" आप्पाजी म्हणाले. "स्वल्प, जरासा विचार कर. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

"आडात आहे की. तुमचे हात कुठं गेलेत, आप्पाजी? डोळे तेवढे कमी पडतायत, ते मी विकत घेतोय."

मंजुनाथनं एक छोटा स्टँड काउंटरवर ठेवला. "हापण घ्या, सर. मॅक्रोमध्ये जरासं हललं तरी सगळं दिसतं."

"सगळं?" आप्पाजींनी विचारलं.

"सगळं, अण्णा."

"मग राहू दे रे, शार्दूल. हात दाखवून अवलक्षण नको."

शार्दूल हसला. म्हातारी माणसं नव्या वस्तूला बुजतात, त्यात नवल ते काय? त्यानं स्टँडही बांधायला सांगितला. मंजुनाथनं कॉफी मागवली, तर आप्पाजी पित्ताचं निमित्त सांगून नको म्हणाले. फिल्टर कॉफीला आजवर कधी नाही न म्हटलेले आप्पाजी. शार्दूलला फार वाईट वाटलं. डोळ्यांबरोबर माणसाची चवही गेली, असं त्याच्या मनात आलं.

घरी सुखदानं देवापुढची मोत्यांची डबी आणून थाळीत ओतली. शार्दूलनं लेन्स बसवली, स्टँड पाटावर रोवला, वायर जोडली. टीव्हीवर मोती आले. मोठे, गोल, एकेकावरची झाक दिसेल असे. सुखदाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बसा आता," ती म्हणाली.

"आज दिवस बरा नाही."

"काल तुम्हीच पंचांग बघून चांगला म्हणालात."

"जरा पाणी दे मग."

तिनं पाणी आणलं. ते तसंच राहिलं. आप्पाजी कधी दाराकडे बघत होते, कधी पोरांच्या तोंडाकडे. पळायला वाट नसलेल्या माणसाचा तो चेहरा होता, पण आनंदाच्या भरात दोघांनाही तो दिसला नाही.

"माझ्यासाठी, आप्पाजी," सुखदा म्हणाली.

आप्पाजींनी सोन्याची तार चिमट्यात धरली आणि कॅमेऱ्याखाली नेली.

टीव्हीवरचं चित्र हलायला लागलं.

"स्टँड सैल असेल," शार्दूल म्हणाला. त्यानं स्क्रू आवळला. चित्र हलतच राहिलं. पाट डुगडुगत असेल म्हणून त्याखाली कागदाची घडी सारली. पंखा बंद केला. सुखदाला लांब बसवलं. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतच होती.

मग शार्दूलनं नीट पाहिलं. थाळीतले मोती जागच्या जागी होते. एकही हलत नव्हता.

सुखदानंही ते पाहिलं. शार्दूलला ते बघवेना, त्यानं उठून टीव्ही बंद केला.

आप्पाजींनी तार ठेवून दिली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मग त्यांची नजर थाळीतल्या मोत्यांवरून फिरली.

"दुसऱ्या सोनाराकडे देशील तेव्हा तो कडेचा मोती काढून ठेव, सुखदा," ते म्हणाले. "त्याला केसाएवढी चीर आहे."