येतो म्हणालाय

परदेशात शिकायला गेलेली ती दर रविवारी तिथल्या एका वृद्धाश्रमात मदतीला जायची. आपली भाषा बोलणाऱ्या आजी तिथे एकच होत्या, म्हणून त्या तिच्या वाट्याला आल्या. पलंगाशेजारच्या खुर्चीवर मात्र आजी तिला बसू देत नसत. ती बिचारी पायथ्याशी अंग चोरून बसायची.

"मुलगा यायचाय गं. मला इथे सोडून निघताना 'येतो' म्हणालाय."

नर्सने सांगितलं, तो पुन्हा फिरकलाच नव्हता. ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजी, निघताना सगळेच 'येतो' म्हणतात हो. आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, एवढंच."

"मला शिकव आता बोलायला!" आजी हसल्या. "तू नाही का दर रविवारी 'येते' म्हणून जातेस? मग, येतेसच ना?"



शिक्षण संपलं. शेवटच्या रविवारी ती मनाशी ठरवूनच गेली, की निदान आपण तरी या बाईला खरं सांगायचं: मी कायमची चाललेय. पण आजींनी पाठीवरून हात फिरवला, आणि दारातून वळताना सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "येते हं, आजी."

"ये गं बाळा," आजी म्हणाल्या.



पुढच्या रविवारी नवी मुलगी मदतीला आली, तेव्हा पलंगाशेजारी दोन रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि आजी तिला एकीवरही बसू देईनात.