अख्खी गोळी

आईच्या पायाची जखम भरत नव्हती आणि साखर उतरली नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यातच अंथरुणातल्या आईचं शौचाचं भांडं धुताना लेकीला शुगरची गोळी दिसली, गिळली होती तशीच, अख्खीच्या अख्खी. दुसऱ्या दिवशीही तेच. औषध अंगी लागतच नाहीये, हे तिला कळून चुकलं.

तिने एकाच्या जागी तीन गोळ्या द्यायला सुरुवात केली.

"नको गं, पोटात ढवळतंय. अन्न नकोसं झालंय," आई म्हणाली.

"गोळी विरघळतच नाही, तर ढवळेल कशाने? तुझ्यासाठीच जिवाचं रान करतेय ना मी? घे मुकाट्याने."

आईने लेकीच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

आठव्या दिवशी आई हाकेला ओ देईना. दवाखान्यात लेकीने पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उलगडली. आत धुऊन वाळवलेल्या गोळ्या होत्या.

"बघा डॉक्टर, आठवडाभर देतेय. एक तरी विरघळलीय का?"

डॉक्टरांनी त्यातली एक उचलली आणि चिमटीत दाबली. ती कागदासारखी चपटी झाली.


"ताई, हे नुसतं टरफल आहे. ते असंच बाहेर पडतं. औषध सगळं आईंच्या अंगात उतरलंय."