पितळेची ठुशी

चोख सोन्याचे दागिने घडवायला सरकारने बंदी केली आणि कोल्हापूरच्या गुजरीतली सोनारांची दुकानं ओस पडली. पोट भरायचं म्हणून दिनकर पोतदारांनी पितळेची ठुशी घडवली, सोन्याचं पाणी चढवलं आणि लाजेने फडताळात दडवली.

त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, ती शोधून काढली आणि शेजारच्या लग्नात गळ्यात घालून मिरवली. पोतदार मांडवात मान खाली घालून बसले.

“एवढं सोनं कुठून आणलं, वहिनी?” एकीने विचारलंच.

“पितळ आहे. ह्यांनी घडवलंय,” मथुराबाई म्हणाल्या. “तुम्हीही घ्या की.”

सकाळी भाजीवाली दारात उभी. “काळ्या मण्यांबिगर गळ्यात आजवर काय पडलं न्हाई बघा.”

पोतदारांनी गार पडलेली शेगडी पेटवली. “दोरा आण,” ते बायकोला म्हणाले, “यांचं माप घे.”